भीती उतरवून मिळेल

हॉटेलच्या फाटकाशी हडळ उभी होती. हिरवं लुगडं, मोकळे केस, कपाळभर मळवट आणि पावलं उलटी. हातात मात्र औक्षणाचं तबक. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी असल्यामुळे बिचारी सकाळपासून उभी होती आणि पाहुण्यांची पाठ वळली की एका पायातलं उलटं पाऊल काढून घोटा चोळून घेत होती.

"या पाव्हणं," ती म्हणाली, "भुतावळीत तुमचं स्वागत आहे."

हॉटेलचं नावच 'भुतावळ'. महाबळेश्वर ओलांडून घाट उतरला की तापोळ्याचं पाणी दिसायला लागतं. त्या पाण्याच्या काठावर होड्या, तंबू, स्ट्रॉबेरीचे स्टॉल आणि फोटो काढणारी माणसं यांची जत्रा भरलेली असते. जत्रेच्या टोकाला हे हॉटेल. खोल्यांना आकड्यांऐवजी नावं होती: मुंजा, खवीस, समंध, वेताळ. आपल्या खापरपणज्यांनी ज्यांच्या धास्तीनं तिन्हीसांजेला दारं लावली, त्यांच्याकडे नातवंडं आता सुट्टी घालवायला जातात. काळ बदलतो म्हणतात तो असा.

मैथिली कणसेला मात्र यात गंमत वाटत नव्हती. तिच्या सात वर्षांच्या मुक्तानं हडळीला पाहताच आईच्या कमरेला मिठी मारून तोंड तिच्या कुडत्यात खुपसलं होतं. पोरीचं अंग लटलटत होतं. "हर्षल, परत जाऊ या," मैथिली नवऱ्याला म्हणाली.

"अगं, घाबरायलाच तर आणलंय तिला," हर्षल म्हणाला. तो सौर पंपांच्या कंपनीत होता, गावोगाव फिरून लोकांची समजूत घालणं हाच त्याचा धंदा, आणि घरातही तो तेच करायचा. "घाबरल्याशिवाय भीती उतरणार कशी?"

त्याचंही चुकीचं म्हणता येत नव्हतं. मागच्या वर्षी कराडच्या त्यांच्या इमारतीत वीज गेली आणि मुक्ता एकटी लिफ्टमध्ये अडकली. बाहेर काढली तेव्हा तिचा आवाज बसला होता. मग ती लिफ्टला घाबरायला लागली, मग बंद दाराला, मग कुकरच्या शिट्टीला, कुत्र्याला, शाळेच्या व्हॅनला. गणपतीपासून तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. मैथिलीच्या सासूबाईंनी, शालनआजींनी, दर शनिवारी दृष्ट काढली. काही फरक पडेना. तेव्हा हर्षलला कुणीतरी 'भुतावळ'चं नाव सांगितलं. पाटीवरच लिहिलेलं होतं, 'भीती उतरवून मिळेल'.

चहा झाल्यावर डॉक्टर सबनीस सगळ्या नव्या पाहुण्यांशी बोलल्या. हसऱ्या, पन्नाशीच्या बाई. त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांत पारदर्शक अशी बारीक चाळणी बसवलेली होती. नीट पाहिल्याशिवाय ती कळत नव्हती.

"आठवण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे," त्या म्हणाल्या. "गुळाची ढेप असते बघा, थंड झाली की तिला हवा तसा आकार देता येत नाही. पण पुन्हा कढईत घातली की ती पातळ होते, आणि निवताना नव्या साच्यात बसते. भीतीची आठवणही तशीच. ती जागी झाली की काही तास मऊ राहते. मग पुन्हा घट्ट होते. त्या मऊपणात आम्ही तिला गाठतो."

"म्हणून ही भुतं?" हर्षलनं विचारलं.

"म्हणून ही भुतं. आधी भीती जागवायची. मग हे धुकं." त्यांनी छताजवळच्या बारीक तोट्यांकडे बोट दाखवलं. "त्याला केवड्याचा वास येतो. नाकाच्या छतापाशी वासाच्या नसांची टोकं असतात. मेंदू आपल्या शरीरात उघड्यावर येतो तो जवळजवळ तिथंच. औषध त्या वाटेनं आत जातं आणि बदामाच्या आकाराची एक गाठ असते, धोक्याची घंटा वाजवणारी, तिथं पोहोचतं. भीती पुन्हा घट्ट बसायच्या आत विरघळते."

मैथिलीनं हात वर केला. ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिला अर्धवट कळलेलं आवडत नसे. "मला वासच येत नाही. लहानपणी त्या मोठ्या साथीत गेला तो परत आला नाही. मळीला वास मारतोय का, हेही मला दुसऱ्याला विचारावं लागतं."

"मग तुमची ती वाट बंद आहे. तुमच्यावर काही परिणाम होणार नाही. तुम्ही नुसती सुट्टी मजेत घालवा."

"आणि तुमच्या नाकात ते काय आहे?"

डॉक्टर हसल्या. "चाळणी. इथल्या सगळ्या नोकरांना असते. आम्हाला घाबरता आलं पाहिजे ना. इथं चुली आहेत, होड्या आहेत."

सगळे हसले. मैथिलीला ते वाक्य खटकलं, पण तेव्हा तिनं ते सोडून दिलं.

संध्याकाळी वेताळाची पालखी निघाली. पाण्यावर ऊन तांबूस झालं होतं. तेवढ्यात झाडीतून ढोल वाजला आणि टेंभे घेतलेली भुतं बाहेर पडली. खवीस, मुंजे, डोकं हातात घेतलेला एक समंध, आणि मागं उंच, पांढरा वेताळ. मोठ्या माणसांच्याही अंगावर काटा आला. मुक्तानं असा काही टाहो फोडला, की मैथिली तिला उचलून पळायलाच निघाली. हर्षलनं तिचा हात धरला. त्याच वेळी गवतातल्या तोट्यांतून पांढरं धुकं सुटलं आणि सगळ्यांच्या नाकातोंडापर्यंत चढलं.

मुक्ताचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मग हुंदकेही थांबले. ती वेताळाकडे पाहत राहिली. मग तिनं आईच्या कडेवरून खाली उडी मारली, वेताळाजवळ गेली आणि त्याच्या पांढऱ्या झग्याला हात लावून म्हणाली, "तुझ्या आत कोण आहे?"

वर्षभरात पोरगी पहिल्यांदा हसत होती. मैथिलीला रडू आवरेना. बरोबर आलेल्या शालनआजींनी तिथल्या तिथं ग्रामदैवताला नारळ बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता हॉटेलच्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. आदल्या दिवशी ज्याच्या नुसत्या भुंकण्यानं ती गाडीतून उतरत नव्हती, तोच कुत्रा. जो तो तिचं कौतुक करत होता. किती धीट, किती गोड, म्हणत होता. हर्षल तर हवेत होता. गच्चीच्या कठड्यावर बसून, पाय बाहेर सोडून तो चहा पीत होता.

"हर्षल, खाली उतर. मागं काही नाही धरायला."

"काय होतंय?" तो निवांतपणे म्हणाला. हा तोच माणूस, ज्याला घाटात गाडी चालवताना घाम फुटायचा.

मैथिलीनं आजूबाजूला पाहिलं. गच्चीवर बरेच पाहुणे होते आणि त्यांतले कितीतरी कठड्यावर बसलेले होते. एका बाईचं रांगतं मूल जिन्याच्या तोंडाशी पोहोचलं होतं आणि बाई ते पाहत होती. नुसती पाहत होती. मैथिलीनं धावत जाऊन मूल उचललं आणि तिच्या मांडीवर आणून दिलं. "थँक यू हं," बाई गोड हसली. मैथिलीनं जिन्याच्या तोंडाशी एक खुर्ची आडवी लावली.

दुपारी ती खोलीकडे आली तर दाराच्या फटीतून धूर येत होता. तिला वास येत नसला तरी मिरचीचा झणका लागतो. तो वासाच्या नसेतून नाही, दुसऱ्याच वाटेनं जातो. दार उघडताच डोळे चुरचुरले, ठसका लागला, आणि ती पदर तोंडावर ओढावा तशी ओढणी दाबून उभी राहिली.

आत शालनआजी दृष्ट काढत होत्या. इतक्या माणसांनी कौतुक केलं म्हटल्यावर त्या काढणारच. चुलीवरून त्यांनी पत्र्याच्या घमेल्यात निखारे आणले होते आणि मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुक्तावरून उतरवून त्यात टाकल्या होत्या. खोली धुरानं गच्च भरली होती. आजी, हर्षल आणि मुक्ता, तिघं घमेल्याभोवती मांडी घालून बसली होती. तिघांच्याही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, नाकं गळत होती, मधूनच खोकल्याची उबळ येत होती. पण कुणीही उठत नव्हतं. कुणीही तोंड फिरवत नव्हतं. मुक्ता तर वाकून, मिरच्या कशा काळ्या पडतात ते बघत होती, आणि खोकता खोकता हसत होती.

"बग की गं मैथिली," शालनआजी प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाल्या, "येवढ्या मिरच्या टाकल्या, तरी कुणाला उठावंसं वाटंना. लई मोठी दिष्ट हाय लेकराला. झाडाची, माणसाची, भुताखेताची, समद्यांची लागलीया."

एरवी एवढी मोठी दृष्ट लागली म्हटल्यावर त्या घाबरून देवापुढे बसल्या असत्या. आज त्यांनी ते बाजारात भेंडी स्वस्त आहे म्हणावं तसं सांगितलं. आणि घमेल्याखालची सतरंजी जळत होती. तिला गोल काळं भोक पडलं होतं, त्याच्या कडेनं लाल किनार सरकत सरकत मुक्ताच्या फ्रॉककडे चालली होती. तिघांनाही ती दिसत होती.

मैथिलीनं मुक्ताला काखेत धरून बाहेर फेकल्यासारखं काढलं. पाण्याचा जग सतरंजीवर ओतला, खिडक्या उघडल्या, सासूला दंडाला धरून उठवलं. "हर्षल, तुला दिसत नव्हतं? पोरीचा फ्रॉक पेटला असता!"

"हो, दिसत होतं," तो म्हणाला. त्याला विचार करावा लागला. "विझवायला हवं होतं, नाही का? लक्षातच आलं नाही, की आपण ते करायचं असतं."

त्याच्या डोळ्यांत मस्करी नव्हती. मैथिलीला वाटलं, या खोलीत आपण एकटे आहोत. घरातली सगळी माणसं समोर असूनही एकटे. वेताळाला पाहून तिला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी आपल्या नवऱ्याच्या त्या शांत चेहऱ्याची वाटली.

"सामान भर," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना भेटून येते. मुक्ताचा हात सोडू नकोस. ऐकतोयस ना? हात सोडू नकोस."

"नाही सोडत," हर्षल म्हणाला.

तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला, हीच तिची चूक. पण नवऱ्यानं 'हो' म्हटल्यावर आपण त्याच्या मेंदूतल्या बदामाची चौकशी करत नाही. वर्षानुवर्षांची सवय असते.

डॉक्टर सबनीसांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "मोठ्यांची भीती काही आठवड्यांत परत येते. तोवर सांभाळावं लागतं. आम्ही पाहुण्यांना तसं सांगतो."

"कुणाला सांगता? ज्यांना कशाची भीतीच वाटत नाही त्यांना?" मैथिली ओरडली. "ते हो म्हणणार आणि विसरणार!"

डॉक्टर उत्तर द्यायला लागल्या, पण मैथिलीचं लक्ष खिडकीकडे गेलं होतं. खिडकीतून होड्यांचा धक्का दिसत होता. धक्क्याच्या टोकाला हर्षल पाय हलवत बसला होता. त्याच्या शेजारी कुणी नव्हतं.

ती पळत सुटली. उताराची वाट, वाटेत गारेगारवाला, फोटोसाठी थांबलेली माणसं, त्यांना ढकलत ती धक्क्यावर पोहोचली.

"मुक्ता कुठाय?"

"गिऱ्ह्याला भेटायला गेली," हर्षल म्हणाला. पाण्यात राहून माणसाचे पाय ओढतो तो गिऱ्हा. हॉटेलच्या कार्यक्रमात संध्याकाळी एक जण गिऱ्हा होऊन पाण्यातून वर यायचा. "तो खाली राहतो ना. म्हणाली, त्याचं घर बघून येते." आणि त्यानं धक्क्याखाली बोट दाखवलं.

मुक्ताला पोहता येत नव्हतं. हे त्याला माहीत होतं.

मैथिली कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली बाई. तिनं उडी घेतली. पाणी गार आणि हिरवट होतं, धक्क्याचे खांब शेवाळलेले. खाली, हाताच्या अंतरावर, तिला मुक्ता दिसली. पोर धडपडत नव्हती. बुडणारं मूल हातपाय मारतं, वर यायला बघतं. मुक्ता हात पसरून, डोळे उघडे ठेवून हळूहळू खाली चालली होती, आणि तिच्या तोंडातून बुडबुडे येत होते. तिनं आईकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली.

कशीबशी तिला वर आणली. धक्क्यावर पालथी घातली, पाठीवर थापा मारल्या. पाणी पडलं. श्वास आला. पोर उठून बसली आणि म्हणाली, "आई, खाली कुणीच नाही. अजून खाली जायला पाहिजे."

ती पुन्हा कडेला सरकायला लागली.

तेव्हा मैथिलीचा बांध फुटला. तिनं मुक्ताला दंडाला धरून ओढलं आणि फाडकन थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग आणखी एक. तिला गदगदा हलवलं. "मरशील! कळतंय का? मरशील!" ती किंचाळत होती. केसांतून पाणी निथळत होतं, डोळे तांबारलेले होते, मिरचीच्या धुरानं आणि किंचाळण्यानं आवाज घोगरा झाला होता. तोंड वेडंवाकडं झालं होतं. हॉटेलच्या कुठल्याही हडळीला असं तोंड रंगवता आलं नसतं.

मुक्ता तिच्याकडे बघत राहिली. आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. बाहुल्या मोठ्या झाल्या, ओठ थरथरले, अंग आखडलं. ती घाबरली होती.

मैथिलीला आनंद झाला. देवा, घाबरली माझी पोर. परत आली. तिनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि ढसाढसा रडली. पोर तिच्या मिठीत लाकडासारखी ताठ होती आणि कापत होती. पाणी गार आहे म्हणून कापते, असं मैथिलीला वाटलं.

कराडला आल्यावर शालनआजींची भीती सगळ्यांत आधी परत आली. एका सकाळी देवपूजा करताना त्यांना जळती सतरंजी आठवली आणि त्या मटकन खाली बसल्या. नंतर हर्षल. तो जेवताना एकदम थांबला, घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "मी बघत होतो, मैथिली. ती पाण्यात उतरली, मी बघत होतो. तिनं मला टाटा केला." मग तो हातात तोंड लपवून रडायला लागला, आणि पुढं कितीतरी दिवस त्याला मुक्ता दिसेनाशी झाली की घाम फुटायचा.

मुक्ताची भीती मात्र परत येईना. ती खिडकीच्या गजांवर चढायची. उकळत्या दुधात बोट घालून बघायची. पोळलं की तिला दुखायचं, ती हात मागं घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायची. शाळेत जायला लागली, लिफ्टमध्ये बसायला लागली, कुकरची शिट्टी वाजली तर टाळ्या वाजवायची. जगात तिला कशाचीही भीती नव्हती. आईखेरीज.

आई खोलीत आली की ती थिजायची. हातातलं खेळणं खाली पडायचं. मैथिलीनं जवळ घ्यायला हात पुढं केले, की ती भिंतीला पाठ लावून सरकत सरकत आजीच्या मागं जायची. एकदा मैथिली तिच्या केसांना तेल लावायला बसली आणि पोरीनं जागच्या जागी फ्रॉक ओला केला. मैथिली तेलाची वाटी तशीच ठेवून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

तिनं डॉक्टर सबनीसांना फोन केला.

"आम्ही एकच भीती काढायची म्हणतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. "पण भुताला घाबरताना मूल एकाच गोष्टीला घाबरत नाही. त्याच्या सगळ्या भीती एकदम जाग्या होतात, आणि सगळ्याच विरघळतात. हे आम्हाला उशिरा कळलं. मोठ्या माणसाच्या मनात जुने थर असतात, तळातून पुन्हा वर येतात. लहान मुलाची पाटी कोरीच होते. त्या कोऱ्या पाटीवर पहिली भीती जी उमटते, ती फार खोल जाते."

"आणि ती मी आहे."

डॉक्टर म्हणाल्या, "तिला घेऊन या. तुम्ही समोर उभं राहायचं, तिची भीती जागी होईल, आम्ही धुकं सोडू. एका संध्याकाळचं काम आहे. ती पुन्हा तुमच्या गळ्यात पडेल."

"मग तिला कशाची भीती उरेल?"

"कशाचीच नाही. पण मुलं शिकतात हो. हळूहळू."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"ते आम्हाला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

हर्षलला जायचं होतं. "ती तुला बघून चड्डीत करते, मैथिली. हे बघवतं तुला? आपण तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवू." मैथिलीलाही जायचं होतं. खोटं कशाला बोला, तिला त्याच्याहून जास्त जायचं होतं. आपल्या पोरीनं आपल्याला पुन्हा एकदा मिठी मारावी, यासाठी ती आणखी शंभर वेताळांपुढे उभी राहिली असती. तिनं बॅग भरली. मुक्ताचे कपडे घड्या करताना तिनं एकेक फ्रॉक गालाला लावला.

निघायच्या दिवशी सकाळी मुक्ता गच्चीच्या कठड्यावर चढली. कुणाचा तरी पतंग पाण्याच्या टाकीला अडकला होता, तो तिला हवा होता. कठड्यावरून ती टाकीच्या पाइपाकडे चालली होती, आणि खाली चार मजले होते. हर्षल खाली गाडीत सामान ठेवत होता. शालनआजी जिन्याच्या दारात उभ्या राहून हात जोडत होत्या. "ये गं माजी बाय. ये खाली. तुला लाडू देते. ये, सोन्या." गुडघ्यांमुळे त्यांना धावता येत नव्हतं. मुक्ता वळून आजीकडे बघून हसली आणि पुढचं पाऊल टाकलं.

मैथिली दारात आली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, 'बाळा' म्हणणार होती. मग तिनं तोंड मिटलं. केस सोडले. डोळे ताणले, जबडा वाकडा केला, धक्क्यावर आला होता तोच घोगरा आवाज काढला आणि ओरडली, "मुक्ता! खाली उतर!"

पोर थिजली. पांढरीफटक पडली. कठड्यावरून गच्चीच्या आतल्या बाजूला तिनं उडी टाकली, धावत जाऊन आजीच्या लुगड्यात शिरली आणि किंचाळायला लागली. "ती आली! आजी, ती आली!"

शालनआजींनी नातीला पोटाशी धरलं आणि सुनेकडे पाहिलं. "नको जाऊस तिकडं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "तुझं लई वंगाळ हुतंय, मैथिली. पर लेकरू ऱ्हाईल."

मैथिली खाली गेली आणि बॅग रिकामी केली.

त्यानंतर घराची घडीच बदलली. मुक्ताला आजी भरवते, आजीजवळ ती झोपते, अभ्यास बाबा घेतो. मैथिली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, कारण आत गॅस आहे. खिडकीजवळ तिनं आपली खुर्ची ठेवली आहे. तिनं केस मोकळे सोडायला सुरुवात केली. मुलं ऐकेनाशी झाली की आपण त्यांना बागुलबुवाचं नाव सांगतो. या घरात तो बागुलबुवा आईच झाली, आणि तिनं ते काम मन लावून केलं. पोर झोपली की ती लांबून तिच्याकडे बघते. जवळ जात नाही. जाग आली तर घाबरेल म्हणून नाही, तर झोपेत लाड झाल्याचं कळलं तर भीती कमी होईल म्हणून.

इमारतीसमोरून महामार्ग जातो. शाळेची व्हॅन अलीकडच्या बाजूला, सेवा रस्त्यावर थांबते. पलीकडे एका रसवंतीशी घोडा बांधलेला असतो आणि मुक्ताला तो फार आवडतो. आजीच्या हातातून हात सोडवणं तिला कठीण नाही. म्हणून रोज सकाळी मैथिली आधी निघते, महामार्गाखालच्या बोगद्यातून पलीकडे जाते आणि घोड्याच्या शेजारी, रस्त्याच्या कडेला उभी राहते. दोघींच्या मधून ट्रक धडधडत जातात. मुक्ता पलीकडे आईला बघते आणि आजीच्या मागं सरकते. व्हॅन येते, ती बसते, जाते.

परवा मुक्ताचा वाढदिवस होता. नवा पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, आजीनं लावलेलं कुंकू. अलीकडे उभी राहून ती डबा हलवत होती. एवढी गोड दिसत होती, की मैथिलीला राहवलं नाही. ती विसरली. क्षणभर तिचा चेहरा सैल पडला आणि ती हसली.

मुक्तानं ते पाहिलं. डबा हलवायची थांबली. मान तिरकी करून, पाण्याखालून काहीतरी ओळखीचं दिसावं तशी ती बघत राहिली. मग तिचाही चेहरा उजळला. "आई!" असं तिनं म्हटलं असावं. ट्रकांच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. तिनं आजीच्या हातातला हात सोडवला, दोन्ही हात पुढं पसरले आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

डावीकडून उसाची ट्रॉली येत होती.

मैथिलीनं डोळे ताणले, जबडा वाकडा केला आणि सगळ्या अंगातला जोर लावून पोरीवर ओरडली. मुक्ताचा चेहरा विझला. पाऊल मागं गेलं.